लाल भिंत

खांबच नव्हता.

शरच्चंद्रांनी फोटो मोठा केला, कोपऱ्याकोपऱ्यात शोधलं. स्कॉटलंडमधलं दोनशे वर्षांपूर्वीचं शेतघर लॅपटॉपवर स्वच्छ दिसत होतं. पुढे राहतं घर, मागे फरसबंद अंगण, अंगणाच्या कडेने गोठा आणि तबेला. त्या दोन्हींच्या डोक्यावर धान्याचं लांबलचक कोठार आणि दगडी पाट्यांचं छप्पर. कोठारात चढायला बाहेरून जिना. गोठा आणि तबेला यांच्यामधली भिंत शरच्चंद्रांनी नकाशात लाल केली होती. लाल म्हणजे पाडायची. ऑफिसचे ग्राहक हुसेन साहेब यांनी ते शेतघर विकत घेतलं होतं आणि त्यांना तिथे एक मोठा हॉल हवा होता.

इथे आखातात, मनामातल्या ऑफिसात तीस वर्षं त्यांनी जनाबिया या उपनगरातल्या बंगल्यांचे नकाशे काढले. तिथे सगळा भार सिमेंटच्या खांबांवर. मधल्या भिंती नुसता आडोसा, हवी ती पाडा. हात त्याच सवयीने चालला होता. पण या घरात खांब नव्हताच. भिंत हाच खांब होता.

 आज शुक्रवार. इथे सुट्टी, तिथे नाही. घड्याळात पावणेदहा वाजले होते, म्हणजे तिथे पावणेआठ. आठला माणसं घण घेऊन त्या कोठाराखाली शिरणार.

ऑफिसातले वरिष्ठ जयप्रकाश यांचा फोन बंद होता.

"अहो, थांबा जरा," मेधा दारात येऊन म्हणाली. "पुढच्या महिन्यात व्हिसा संपतोय. आपणहून चूक कबूल केलीत तर ते तुम्हाला ठेवतील का? ती कस्तुरी शेजारच्या टेबलावर तुमच्या जागेसाठी टपून बसलीच आहे."

"माणसं आहेत गं आत."

"आणि आपण कोण आहोत?"

शरच्चंद्रांनी फोन पुन्हा हातात घेतला. आयुष्यात त्यांनी परक्या माणसाला आपणहून फोन केला नव्हता. टॅक्सीसुद्धा मेधाच बोलवायची. नकाशाच्या कोपऱ्यात तिथल्या मुकादमाचा नंबर होता. दोनदा चुकीचा लागला. तिसऱ्यांदा बराच वेळ वाजत राहिला. फोन बाहेरच ठेवून माणसं आत गेली असतील, असं त्यांच्या मनात आलं.

"हॅलो?"

शरच्चंद्रांनी इंग्रजी शब्द एकापुढे एक ढकलले. लाल भिंत. पाडू नका. वरचं कोठार खाली येईल.

"ठाऊक आहे," मुकादम शांतपणे म्हणाला. "काल संध्याकाळीच तुमच्या ऑफिसातून फोन आला. भिंतीला कुणी हात लावलेला नाही."

शरच्चंद्र मटकन खुर्चीत बसले. मेधाने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती छातीवर हात ठेवून हसली. आता फोन ठेवा, अशी खूण तिने केली.

"बरं झालं तुम्हीच भेटलात," मुकादम पुढे बोलत होता. "मालकांना रिपोर्ट पाठवायचाय. चूक कुणाची, ते लिहावं लागतं. कालची ती मुलगी म्हणाली, लाल रंग माझ्या हातून लागला, माझंच नाव लिहा. कस्तुरी. बरोबर ना?"

शेजारच्या टेबलावरची कस्तुरी. सहा महिने शरच्चंद्र तिच्यापासून आपले नकाशे झाकून ठेवत होते.

फोनमध्ये कागद सरकल्याचा आवाज आला. मेधा जोरजोरात मान हलवत होती, ठेवा, ठेवा. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. तेही नको, गप्प राहिलं तरी भागणार होतं. कानाशी धरलेला फोन घामाने निसटू लागला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"ते नाव खोडा," शरच्चंद्र म्हणाले. "माझं सांगतो, ते लिहा."