रुपदेईचा स्वेटर

माझी बायको रुपदेई वारली तेव्हा माझ्या स्वेटरचा पुढचा भाग, पाठ आणि दोन्ही बाह्या विणून झाल्या होत्या. जोडायचं तेवढं राहिलं होतं.

शेजारच्या निर्मू काकी म्हणाल्या, "खेमू, विणणारीचे तुकडे सुटे राहिले, की तिचा जीव घरातून हलत नाही. आण इकडे."

त्यांनी आमच्या ओसरीत उन्हाला बसून दोन्ही बाजू जोडल्या. सकाळी येऊन बघतात तर सगळी शिवण उसवलेली. पुन्हा जोडली, पुन्हा तेच. असं तीनदा झालं.

चौथ्या दिवशी काकी घराच्या आढ्याकडे बघून ओरडल्या, "रुपे, अख्ख्या कुल्लूला माझी शिवण चालते, तुलाच तेवढी जिवंतपणीही पटली नाही! जा गं बाई आता सुखानं." मग डोळे पुसत त्यांनी दुहेरी धागा ओवला आणि घट्ट टाके घातले. "आता बघते कशी उसवते ती!"

 

दुहेरी धागा ओढून काढायला मला फार वेळ लागला. रुपदेईच्या विणीचा एकही टाका तुटू द्यायचा नव्हता.