चालू होतोय, साहेब

कारेगावच्या कंपनीत डिस्पॅचला असलेली रश्मी सकाळी आली की आधी कॉम्प्युटरचं बटण दाबायची. तो जागा व्हायला अर्धा तास. एकमेकांवरच भुंकणारे दोन अँटीव्हायरस, कुणी न मागितलेले गेम, रोजचं अपडेट. आणि कॉम्प्युटर फास्ट करतो म्हणणारं एक सॉफ्टवेअर, त्यानं तर पार वाट लावलेली. साहेब केबिनमधून ओरडायचे, "झाला का चालू?"

"होतोय, साहेब."

शेवटी वैतागून साहेबांनी दुरुस्तीवाल्या ज्ञानेशला बोलावलं. त्यानं सगळा कचरा काढून टाकला. "ताई, आता बटण दाबलं की लगेच चालू. त्रास गेला तुमचा."

दुसऱ्या दिवशी ती खुर्चीत टेकते न टेकते तोच साहेबांनी कामं पुढ्यात टाकली. चहा तसाच निवला.

आठवड्याभरानं तिनं आवाज खाली करून ज्ञानेशला फोन लावला. "दादा, त्यातलं थोडं परत टाकता येईल का?"

"का वो ताई? बिघडलं का काय?"

"न्हाई. पहाटंपासनं घरचं आवरून, बस गाठून येते मी. रात्री झोपंपर्यंत तेवढाच एक चहा बसून व्हायचा माझा."