बटणाआधीची थरथर

ताईने नव्या पॉवर सप्लायचं बटण दाबलं की विजेचा दाब दाखवणाऱ्या स्कोपच्या पडद्यावरची रेघ वाजवलेल्या घंटेसारखी थरथरायची, मग स्थिरावायची. ती थरथर घालवल्याशिवाय सप्लाय दवाखान्यातल्या यंत्रांसाठी पाठवता येत नव्हता.

"कपॅसिटर बदलून बघ ना," धाकटी बहीण म्हणाली.

ताईने बदलला. आता रेघ बटण दाबायच्या आधीच थरथरली.

"तुझ्या मनातलं कळायला लागलंय त्याला," धाकटी खो खो हसली. ताईलाही हसू आवरेना.

"थांब, फसवूया."

दोघी बहिणी हात पाठीमागे बांधून बसल्या. बटण दाबायचं नाही असं ठरलंच होतं.

रेघ थरथरली.

"चुकला गं बिचारा," ताई म्हणाली.

आणि दोघींच्या डोळ्यांदेखत टेबलावरच्या सप्लायचं बटण सावकाश आत गेलं.