फरशीवरचा समुद्र

उणकलच्या नव्या घरात वेदश्रीनं हौसेनं बदामीकडची दगडी फरशी बसवली होती. तिच्यावर कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रानं वाळूत उठवलेल्या वळ्या तशाच राहिल्या होत्या. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारी वेदश्री पाहुण्यांना सांगायची, "वळीचा उभा उतार जिकडे, तिकडे पाणी गेलं. आपला समुद्र दारातून बाहेर गेलाय बघा."

आज फरशी पुसताना तिचा हात थबकला. सगळे उभे उतार आतल्या खोलीकडे वळले होते.

"अहो, फरशी कुणी फिरवली?"

"सिमेंटात बसवलेली फरशी फिरतीय होय?" नवरा पेपरातून मान वर न करता म्हणाला.

दगड चाखायची तिची जुनी सवय. तिनं बोट फरशीवरून फिरवून जिभेला लावलं. खारट लागलं.

फडकं तिथंच टाकून ती आत पाळण्याकडे धावली. बाळ शांत झोपलं होतं. तिनं त्याची घट्ट मिटलेली मूठ हळूच उघडली.

मुठीत ओली वाळू होती.