मिरजेची दुपार

विसरायला होण्याआधी डोक्यातलं सगळं बाहेर काढून ठेवायचं आणि रोज सकाळी परत भरून घ्यायचं, एवढं ज्योत्स्नाबाईंनी कबूल केलं होतं. आता ठेवायचं कुठे, यावर गाडी अडली होती.

"काकू, क्लाउडवर ठेवलंत तर दरमहा भाडं," आठवणी साठवणाऱ्या कंपनीचा हुलवळे समजावत होता, "आणि कंपनी बुडाली तर सगळंच गेलं. त्यापेक्षा तिन्ही मुलांच्या घरी एकेक प्रत ठेवा. चुकलंमाकलं तर मुलंच दुरुस्त करतील."

"हेच बरं," सारंग म्हणाला. मंदारनेही मान डोलावली. या दोघा भावांचं इतकं एकमत आजवर टीव्हीच्या रिमोटवरही झालं नव्हतं.

ज्योत्स्नाबाई उगाचच पुन्हा गॅस बघून आल्या. "आणि प्रतींत फरक पडला तर?"

"दोन प्रती सांगतील ते खरं. तिसरी आपोआप बदलते."

धाकट्या ऋजुताने घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं तेव्हा आई घरातून हलली नाही, असं दोघे भाऊ पाहुण्यांत छाती फुगवून सांगत. प्रत्यक्षात त्या डोळ्यांच्या डॉक्टरांचं निमित्त काढून मिरजेला गेल्या होत्या आणि लेकीच्या केसांत गजरा माळून परतल्या होत्या. हे फक्त ऋजुताला ठाऊक होतं.

"क्लाउडवर ठेवा," त्या म्हणाल्या.

मंदार वैतागला. "अगं आई, कंपनी बुडाली तर तुझी ती लाडकी ऋजूसुद्धा तुला ओळखू येणार नाही."

"नाही येणार," ज्योत्स्नाबाईंनी हुलवळ्याचं पेन मागून घेतलं. "पण 'तुझ्या लग्नाला मी आलेच नव्हते' असं तिला तोंडावर तरी सांगणार नाही."