वरचा सूर

"गाणं चांगलंय. पण ते आपलं नाय," हिमांशू म्हणाला आणि त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

स्वरालीनं लॅपटॉपवरची नजर काढली नाही. ‘खंदक’ हा त्यांचा नवा अल्बम त्याच आठवड्यात बाहेर पडणार होता, आणि बँडचा गिटारवाला रविवारी सकाळी सकाळी पडेगावला तिच्या घरी भांडायला आला होता.

किल्ल्यावरच्या तोफेचं नाव घेऊन ‘मेंढा तोफ’ हा त्यांचा बँड निघाला तेव्हा पॉवर मेटल म्हणजे काय हे शहरात समजावून सांगत बसावं लागे. किल्ले, घोडे, तलवारी, सुसाट ड्रम आणि त्या सगळ्या धुराळ्यावर घारीसारखा तरंगणारा स्वरालीचा आवाज. पहिल्या अल्बमचं नाव होतं ‘बुरूज’. त्यातल्या शेवटच्या गाण्यात ती आभाळाला टेकणारा एक सूर लावायची आणि धरून ठेवायची. त्या सुरासाठी पोरं पुण्याहून गाड्या काढून यायची. हिमांशू तर शेजारी उभा राहून गिटार वाजवायचा, तरी प्रत्येक वेळी त्याची वाट बघायचा.

‘खंदक’मध्ये तो सूर नव्हता. गिटारी खालच्या सुरात उतरवलेल्या, ड्रम संथ आणि स्वराली अख्खा अल्बमभर खर्जात. नमुन्याचं एक गाणं नेटवर टाकलं तेव्हाच खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘तोफेत पाणी शिरलंय वाटतं.’

"लोक नावं ठेवायलेत," हिमांशू म्हणाला.

"ठेवू दे."

हल्ली तिचा बोलण्याचा आवाजही जाड झाला होता. एकेक शब्द सुटा करून सावकाश बोलायची. पूर्वी ती फोनवर बोलायला लागली की समोरच्याला हं म्हणायला फट मिळत नसे. हा बदल हिमांशूला वर्षभर दिसत होता. पण गाणाऱ्या माणसाला असलं काही विचारायचं नसतं, म्हणून त्यानं विचारलं नव्हतं.

मधुसूदनकाका, स्वरालीचे वडील, चहा घेऊन आले. बँकेत नोकरी झाली, पण जीव सगळा पेटीत. बँडची तालीम याच घरामागच्या पत्र्याच्या खोलीत चालायची आणि तिची सुरुवात काकांच्या पेटीनं व्हायची. ते सूर द्यायचे, त्याला गिटारी जुळवायच्या. भजनी मंडळासारखं पेटीवर सूर लावणारे मेटलवाले जगात दुसरीकडं कुठं नसतील. मग काका हिमांशूच्या गिटारच्या ॲम्पला, त्या दणदणत्या स्पीकरला, खेटून खुर्ची टाकायचे. कानात कापूस घाला म्हटलं तर म्हणायचे, "पोरीचं गाणं काय कापसातून ऐकायचं असतं का?"

"काका, तुम्ही तरी सांगा हिला," हिमांशू म्हणाला. "पहिल्यासारखं वर गा म्हणावं."

काका हसले. "साखर कमी घातलीय. चालतंय ना तुला?"

हिमांशूनं मुकाट्यानं कप घेतला. भांडणात न पडता ग्राहकाला वाटेला लावणं बँकेतल्या माणसाला बरोबर जमतं.

"बाबा, गाणं लावू?" स्वरालीनं त्यांच्या समोर येऊन विचारलं.

काका लगबगीनं पेटीपाशी जाऊन बसले. स्पीकरवर ‘खंदक’मधलं गाणं सुरू झालं तशी त्यांची बोटं डावीकडच्या पट्ट्यांवर फिरू लागली. उजवीकडच्या पट्ट्यांवर धूळ साचली होती. ती बघून हिमांशूचं मन आणखीच खट्टू झालं. वरच्या सुरांचा या घरानं नादच सोडला होता तर.

गाणं संपलं तेव्हा काकांचे डोळे भरले होते.

"शब्द न् शब्द कळला, स्वरा," ते म्हणाले. "लई दिवसांनी."

तिच्या डोक्यावरून हात फिरवून ते पेपर घेऊन व्हरांड्यात गेले आणि उन्हाकडं तोंड करून आरामखुर्चीत बसले.

आता हिमांशूला राहवेना. "खरं सांग," तो म्हणाला. "आवाज गेलाय ना तुझा?"

स्वरालीनं व्हरांड्याकडं बघितलं.

"गाठ झालीय का गळ्यात? डॉक्टरला दाखवलं का? मी थांबतो यार, कितीही दिवस थांबतो. पण हे आपला बँड मोठा झाला, आपलं संगीत बदललं, असलं काही मला सांगू नको. गाडी चालवताना मला तो सूर ऐकू येतो. झोपेत येतो. मला तो परत पाहिजे, स्वरा. आणि तो कायमचा गेला असंल तर तसं सांग. मग ‘खंदक’वर माझं नाव घालू नको. मी चाललो."

असं काही इतक्या उघडपणे तो तिच्याशी कधी बोलला नव्हता.

स्वरालीनं लॅपटॉप मिटला. ती उठली आणि व्हरांड्याच्या दारात, काकांच्या खुर्चीच्या अगदी मागं जाऊन उभी राहिली. तिनं खांदे सैल सोडले आणि खोल श्वास घेतला.

आणि ‘बुरूज’मधला तो सूर लावला.

तोच. स्वच्छ, सरळ, कुठं एक चीर नाही. हिमांशूच्या अंगावर काटा आला. समोरच्या तारेवरची कबुतरं फडफडत उडाली. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. फाटकाबाहेरून जाणाऱ्या दूधवाल्यानं मोटरसायकल थांबवून घराकडं बघितलं. स्वराली श्वास संपेपर्यंत तो सूर धरून उभी राहिली.

तिच्यापुढं हातभर अंतरावर पाठमोऱ्या बसलेल्या काकांनी बोटाला थुंकी लावली आणि पेपरचं पान उलटलं.