हात एकदम फर्स्टक्लास

"हात एकदम फर्स्टक्लास हायेत त्याचे," हिराबाईने पाहुण्याला ठणकावून सांगितलं. "पाय तेवढे गेले. बाकी सगळं आपलं आपण करतो."

पाहुणा शहापूरचा. ज्ञानेश्वर गोजर त्याचं नाव. जीपमधून त्याला उचलून चाकाच्या खुर्चीत बसवला, तेव्हापासून वैशाखरे गावातली निम्मी आळी हिराबाईच्या अंगणात गोळा झाली होती. हा बाबा खुर्चीत बसून रग्बी नावाचा कसलासा खेळ खेळतो आणि आता टीमसाठी हिराबाईच्या संदेशला बघायला आलाय, हे जीपवाल्याने येता येताच सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

बघायला येणार म्हटल्यावर हिराबाईने पोराला सकाळपासून सजवला होता. इस्त्रीचा लांब बाह्यांचा शर्ट, भांग, तोंडाला पावडर. मांडीवर टॉवेल आणि टॉवेलखाली हात. नदीच्या डोहात सूर मारून मान मोडून घेतली तेव्हापासून त्याची बोटं हलत नव्हती, पण हे तिने शेजारच्या गोदूलाही कळू दिलं नव्हतं. त्याचं जेवण व्हायचं ते दार लोटून. पाय गेलेल्याला लोक बिचारा म्हणतात. हातसुद्धा गेलेल्याला काय म्हणतात, ते तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं: सुटला तर बरं.

"बोटं वळतात?" ज्ञानेश्वरने विचारलं.

"वळतात तर! तांदूळ निवडून देतो मला." एकदा खोटं बोलायचंच ठरवलं, तर कमी कशाला सांगायचं?

संदेश खाली मान घालून बसला होता.

ज्ञानेश्वरने सुस्कारा सोडला. "मग नाय जमणार, मावशी. माफ करा."

"का वो? काय चुकलं आमचं?"

"तुमचं काय नाय चुकलं. आमचा खेळ नुसते पाय गेलेल्यांचा नाय. त्यांना दुसरे खेळ हायेत. हा आमच्यासारख्यांचा, ज्यांचे पायपण गेले आन् हातपण. त्यातपण टीममधी लय कमी ताकदीचा एक तरी लागतोच, तसा नियमच हाय. तसला गडी शोधत फिरतोय मी. मला सांगणाऱ्याने चुकीचं सांगितलं वाटतं."

आमच्यासारख्यांचा? हिराबाईला काही उमजेना. तेवढ्यात गोदूने चहा आणला. ज्ञानेश्वरने हातांतले चामड्याचे मोजे दातांनी ओढून काढले. आतली बोटं कोंबडीच्या नख्यांसारखी आत वळलेली. त्याने कप दोन्ही मनगटांत धरला आणि सगळं अंगण बघत असताना मजेत भुरका मारला.

हिराबाई वाकून बघू लागली. अरे देवा, ही तर संदेशचीच बोटं!

"या हातांनी खेळता तुमी?"

"याच. खुर्ची खुर्चीवर आदळायची. माणूस खुर्चीसकट आडवा होतो, लोक उचलून सरळ करतात, की परत आदळायचं."

"आगाय! लागत नाय?"

"लागतं ना. लागायलाच पाहिजे, त्याशिवाय मजा नाय." त्याने कप खाली ठेवला आणि जीपवाल्याला हाक मारली. "चला रे, मुरबाड गाठायचंय."

त्याला उचलायला माणसं पुढे झाली. इतकी वर्षं जे झाकून ठेवलं, नेमकं तेच हवं असलेला माणूस दारात आला होता आणि तिनेच त्याला परत पाठवलं होतं. खरं सांगावं तर अख्खी आळी ऐकत उभी, संध्याकाळपर्यंत धसईच्या बाजारात बातमी. नाही सांगावं तर जीप निघाली. तिने संदेशकडे पाहिलं. तो पाहुण्याच्या बोटांवरून नजर काढत नव्हता.

"थांबा!" ती किंचाळलीच. "खोटं बोलले मी! जळो माझं तोंड!" आणि तिने टॉवेल ओढला.

"अगो बाय!" गोदूने तोंडावर हात ठेवला.

"एक बोट वळत नाय त्याचं! खांदे हायेत, हात वर करतो, पण मनगटाच्या पुढं काय नाय. घास मी भरवते. दात मी घासते. बटण लागत नाय त्याला, तांब्या धरवत नाय, पेनसुद्धा धरवत नाय!" पोरीचे गुण सोयऱ्यांना सांगावेत तशी ती एकेक सांगत सुटली आणि तिचा आवाज चढतच गेला. मग तिचं लक्ष अंगणातल्या तोंडांकडे गेलं.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय करून बसले मी? चार माणसांत पोराची अब्रू काढली? तिने घाईघाईने टॉवेल उचलला आणि त्याच्या हातांवर टाकायला गेली.

"राहू दे, आये."

ती दचकली. परक्या माणसांपुढे संदेशने तोंड उघडलं, याला किती काळ लोटला होता! त्याची कानशिलं लाल झाली होती, पण मान वर होती.

"निम्मंच सांगितलंय तिने, दादा," तो म्हणाला, आणि आळीच्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला. "रातचं कुशीवर पण हीच वळवते मला, उठून उठून. संडासचं पण हीच बघते. माझ्याएवढा कामातून गेलेला माणूस तुमाला पार कल्याणपर्यंत नाय भेटायचा." त्याला धाप लागली होती. "आता तरी घेणार ना?"